परांचीच्या फळ्यांचे वाफे: येळ्ळूर शिवारालगतच्या परसातल्या नोंदी

६ एप्रिल

वरच्या मजल्याचा बाहेरचा गिलावा संपला आणि आज परांची, म्हणजे गवंड्यांना उभं राहायला भिंतीलगत बांधलेला मचाण, उतरली. गवंडीमामांनी खाली आलेल्या फळ्यांचे दोन ढीग लावले. एक पुढच्या साइटवर जाणारा, दुसरा जळणाचा. जळणाचा ढीग मी मागून घेतला, परसात भाजीचे उंच वाफे करायला.

मामांची निवड पाहण्यासारखी होती. फळीची दोन्ही टोकं विटांवर ठेवायची, मधोमध पाय देऊन हळू वजन टाकायचं आणि कान द्यायचा. करकर आली की फळी बाजूला. टोकाला उभी फूट, मधली गाठ हललेली, कडेला मऊ पडलेला पट्टा, यातलं काहीही दिसलं तरी बाजूला. जाताना म्हणाले, "ताई, न्या की. पण परत कुणी परांचीला मागितल्या तर देऊ नका. दिसायला धडधाकट दिसत्यात, वर माणूस असतोय."

ते मला पटलं, म्हणून घरात आणायच्या आधीच प्रत्येक फळीची फुटकी टोकं करवतीनं उतरवली. बारा फुटी फळ्या दहा फुटांवर आल्या. आता त्या कुणाच्या परांचीवर जाणार नाहीत.

वाफे कशासाठी, हेही लिहून ठेवते. आमचं परस जुन्या भातशेतावर आहे. माती काळी, चिकण. बेळगावलगतच्या या भागात बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात शिवारात पसरतं, आणि आमच्याकडे नाला दूर असला तरी जुलैत जमीन पाणी सोडत नाही. भाताला ते मानवतं. वांगी-मिरचीची मुळं मात्र साचलेल्या पाण्यात गुदमरतात, कारण मातीतल्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरतं. चर काढून पाणी घालवायचं तर आमच्या परसाला उतारच नाही. तेव्हा झाडालाच वर उचलायचं ठरवलं आहे.

९ एप्रिल

शेजारच्या काकांनी विचारलं, स्लॅबच्या फळ्या पण पडून आहेत, त्या का घेतल्या नाहीत? रुंद आहेत, जास्त आहेत, फुकटात मिळतील.

घेतल्या नाहीत याचं कारण तेल. सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतताना खाली लावतात त्या फळीला काँक्रीट चिकटू नये म्हणून तेल फासतात, आणि बहुतेक साइटवर ते गाडीतून काढलेलं जुनं इंजिन ऑइल असतं, डिझेलमध्ये पातळ केलेलं. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपमध्ये तपासणीचं काम करते, त्यामुळे वापरलेलं तेल रोज डोळ्यासमोर असतं. इंजिनात फिरून आलेल्या तेलात झिजलेल्या धातूंचे कण असतात. जळणातून तयार होणारी, कर्करोगाशी जोडली गेलेली संयुगं असतात. असं तेल प्रत्येक स्लॅबला पुन्हा पुन्हा लावलेलं, लाकडात मुरलेलं. त्या फळीला टेकून कोथिंबीर लावायची आणि ती घरच्या पोरांना खायला घालायची, हे मला चालणार नाही.

परांचीच्या फळीवर माणसं चालतात. तेल लागलं तर पाय घसरेल, म्हणून तिला तेल लावतच नाहीत. तिच्यावर सिमेंट, चुना, रंगाचे थेंब आणि चिखल असतो, आणि हे सगळं वरवरचं, खरवडून निघणारं. माझ्या दृष्टीनं सगळ्या कामातला मोठा निर्णय हाच आहे. बाकी मापं चुकली तर दुरुस्त होतात.

साइटवर मात्र फळ्या इकडच्या तिकडे होतात, त्यामुळे नावावर विश्वास न ठेवता प्रत्येक फळी तपासली. उन्हात तासभर तापवायची आणि नाक जवळ न्यायचं. गॅरेजचा वास आला तर बाद. मग खरवडलेल्या जागी पाण्याचा थेंब सोडायचा. कोरडं स्वच्छ लाकूड थेंब हळूहळू पिऊन टाकतं, तेल मुरलेल्या लाकडावर तो मोत्यासारखा गोल बसून राहतो. शंका उरली तर एक ढलपी बादलीतल्या पाण्यात टाकायची आणि पाण्यावर रंगीत तवंग येतो का पाहायचं. दोन फळ्या या तपासणीत गेल्या. दिसायला त्याच सगळ्यात सरळ होत्या.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मिळतात, तेही नकोत. त्यांना क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून लावतात ते डांबरापासूनचं विषारी तेल, मारलेलं असतं. कारखान्यातल्या पॅकिंगच्या पॅलेटवर शिक्का असतो तो मात्र वाचावा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेली. पहिली चालेल, दुसरी नाही. आणि शिक्का चांगला असला तरी पॅलेटवर वाहतुकीत काय सांडलं होतं ते शिक्का सांगत नाही.

१३ एप्रिल

खिळे काढणं आणि खरवडणं. पक्कड, पहारीचं चपटं टोक, तारेचा ब्रश आणि भरपूर वेळ. मोडलेला खिळा आत राहिला तर करवतीचं पातं जातं, म्हणून लोहचुंबक फिरवून बघितलं.

सिमेंटचे पोपडे अंगणात पडू दिले नाहीत, ताडपत्रीवर गोळा केले. सिमेंट अल्कलीधर्मी असतं आणि भाजीला साधारण ६ ते ७ सामू (पीएच) लागतो. एक-दोन पोपड्यांनी काही होत नाही, पण मूठमूठ कचरा वाफ्याच्या कडेला साचला तर तिथली माती बिघडते. धूळ नाकात जाते, म्हणून फडकं बांधून बसले. रंगाचे थेंब होते तेही खरवडून त्याच कचऱ्यात, कारण जुन्या रंगात काय होतं कुणास ठाऊक.

२० एप्रिल

सुतारमामा बघायला आले. त्यांनी फळ्या उचलून, नखानं दाबून वेगळ्या केल्या: बऱ्याचशा आंब्याच्या, काही सिल्व्हर ओकच्या. सिल्व्हर ओक म्हणजे कोडगू-चिक्कमगळूरकडे कॉफीच्या मळ्यात सावलीला लावतात ते झाड. दोन्ही लाकडं कापायला सोपी आणि जमिनीत कच्ची. आंब्याचं लाकूड उघडं मातीत पुरलं तर पाच वर्षांच्या आत जातं, भारतीय मानकाच्या वर्गवारीतही ते सगळ्यात खालच्या गटात आहे. सागाच्या फळ्या कुणी जळणात टाकत नाही, तेव्हा जे आहे त्याला जास्तीत जास्त कोरडं ठेवणं एवढंच हातात.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. लाकडातली ओल विसेक टक्क्यांखाली राहिली तर ती बुरशी सुरूच होत नाही. आणि पाणी सगळ्यात वेगानं शिरतं ते फळीच्या कापलेल्या टोकातून, कारण झाडाच्या नळ्या तिथे उघड्या पडतात. हे पाहायला सुतारमामांसमोरच दोन सारखे तुकडे घेतले. एकाच्या दोन्ही टोकांना मेण चोळलं, दुसऱ्याची टोकं उघडी ठेवली आणि रात्रभर बादलीत बुडवले. सकाळी उघड्या टोकाचा तुकडा हातात घेताच जड लागला, आणि टोकापासून आत बोटभर लाकूड काळपट झालं होतं. मेणाच्या तुकड्यावर ती काळपट पट्टी जेमतेम नखाएवढी होती.

२७ एप्रिल

कच्चं जवसाचं तेल आणलं, घाण्याचं. बाजारात रंगाच्या दुकानात उकळलेलं जवस तेल मिळतं, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, ते भाजीच्या वाफ्याला नको. कच्चं तेल वाळायला वेळ घेतं, म्हणून एप्रिलमध्येच हात घातला. पातळ थर, अर्ध्या तासानं फडक्यानं पुसून घ्यायचा. वर साचलेलं तेल चिकट राहतं आणि त्यावर बुरशी धरते. टोकांना तीन-चार वेळा, पितील तेवढं.

एक गोष्ट ठळक लिहिते. जवस तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता तयार होते. चुरगाळलेल्या फडक्यात ती अडकून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मी फडकी पाण्यात भिजवून मग दोरीवर एकेक सुटी पसरली.

दुसरे उपाय सुचवणारे बरेच भेटले. बोरॅक्स-बोरिक ॲसिड घरातल्या लाकडाला उत्तम, पण पावसात धुऊन मातीत उतरतं आणि जास्त बोरॉन झाडाला विष होतं. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक वाळवीला मारतात, ते घराच्या पायात ठीक, खायच्या मातीत नाही. काळं तेल फासा म्हणणाऱ्यांना ९ एप्रिलचं सगळं पुन्हा सांगितलं.

४ मे

जोत्याचे उरलेले चिरे कामी आले. आखणी करून, दोरी मारून, काटकोनाला गुण्या लावून दोन आयत काढले. आत चार फूट रुंदी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवायची वेळ येत नाही. लांबी दहा फुटांची, उत्तर-दक्षिण. दोन वाफ्यांत दोन फुटांची वाट, घमेलं घेऊन बसता येईल इतकी.

चिऱ्यांची एक ओळ जमिनीत अशी बसवली की वर दोन इंच दिसावेत. पाणी भरलेली नळी लावून लेव्हल घेतली. चिरा स्वतः पाणी धरतो, त्यामुळे फळी थेट त्यावर ठेवायची नाही. मंगळुरी कौलांचे तुकडे हात-दीड हातावर ठेवून फळी त्यांवर टेकवायची. खाली बोट जाईल एवढी फट राहते, तिथून वारा फिरतो. आणखी एक फायदा वाळवीचा. वाळवी उजेडात येत नाही, मातीची नळी बांधत वर चढते. मातीला टेकलेल्या फळीत ती कधी शिरली कळतच नाही, इथे मात्र नळी फटीवरून जाताना डोळ्याला दिसणार. दिसली की काठीनं पाडायची.

फळ्यांना दुसरा हात दिला. संध्याकाळी वळीव आला, धावपळ करून ताडपत्री घातली.

११ मे

चौकटी उभ्या राहिल्या. आजचा दिवस सविस्तर लिहायचा आहे, कारण मशीन शॉपची सवय इथेच उपयोगी पडली.

वाफ्याच्या बाजूवर किती जोर येतो ते आधी कागदावर काढलं. ओली माती दीड फूट खोल भरली की दहा फुटी बाजूवर साधारण अडीचशे ते तीनशे किलोचा आडवा रेटा येतो, आणि तो वरच्यापेक्षा खालच्या फळीवर जास्त. दीड इंची फळी मोडणार नाही, पण मधोमध पोट काढेल. म्हणून कोपऱ्यांना आणि प्रत्येक लांब बाजूच्या मध्याला लोखंडी अँगलचे खुंट, दीड-दोन फूट जमिनीत. खुंट बाहेरच्या बाजूनं, गंजू नयेत म्हणून रेड ऑक्साइड मारलेले. मधले दोन खुंट एकमेकांना आरपार लोखंडी सळीनं बांधले. ती सळी मातीखाली जाते, कामात आडवी येत नाही.

खिळा एकही वापरला नाही, सगळे ८ मिमीचे गॅल्व्हनाइज्ड बोल्ट आणि मोठे वॉशर. खिळा मारलेली फळी काढताना फुटते, बोल्टची पाच मिनिटांत निघते, आणि खालची फळी एक दिवस बदलावी लागणारच आहे. बोल्ट ८ चा, पण भोक १० चं. नऊ इंच रुंदीची कोरडी फळी पावसाळ्यात पाव इंचापर्यंत फुगते. लांबीत जवळजवळ काही फरक नाही, पण रुंदीत असतो. घट्ट भोकात ती फुगायला बघते, बोल्ट सोडत नाही, आणि मग भोकापासून चीर पडते. वरच्या आणि खालच्या फळीतही पैसाभर फट सोडली.

फळी कुठल्या तोंडानं लावायची यावर सुतारमामा आणि मी बराच वेळ बोललो. जुनी फळी एका अंगानं थोडी पन्हळ धरते, म्हणजे खोलगट होते. आतली बाजू मातीनं ओली राहून फुगणार, बाहेरची उन्हानं आकसणार, म्हणजे फळी आतल्या अंगाला पोट काढणार. तेव्हा पन्हळीची बाजू आत ठेवली, ओल चढली की ती आपसूक सपाट होईल. मामा म्हणाले, "हे बरोबर, दाराच्या फळीला उलटं करतो आम्ही."

आतून ५०० गेज जाडीचा काळा प्लास्टिक कागद, फक्त बाजूंना. तळ पूर्ण उघडा. कागद वरून दोन इंच खाली संपवला, कारण ऊन लागलेलं प्लास्टिक काही वर्षांत तुकडे होऊन मातीत मिसळतं. खताची विणलेली पोती वापरावीत असं काहींचं म्हणणं आहे, पण त्यांचे धागे सुटून गांडुळांच्या तोंडी जातात, मला ती पसंत नाहीत.

१८ मे

भरणी. एका वाफ्याची आतली जागा पासष्ट घनफुटांच्या आसपास, म्हणजे दोन्ही मिळून सव्वा ब्रासच्या वर (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). सगळी विकतची माती घालायची तर खर्च मातीतच जातो, म्हणून खालचा तिसरा हिस्सा पाल्यापाचोळ्याचा. आंब्याच्या छाटलेल्या फांद्या, नारळाची सोडणं, वर उसाचं पाचट. बेळगाव जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही. पाचट कुजताना जंतू मातीतला नत्र ओढून घेतात आणि झाडं पिवळी पडतात, म्हणून प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडला.

वरच्या थराला तांबडी माती, पश्चिमेकडच्या गावांतून आलेली. तिच्यातून पाणी झरझर उतरतं पण ती कसदार नाही. तिच्यात घरच्या गोठ्याचं कुजलेलं शेणखत आणि साखर कारखान्याचं जुनं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, मिसळलं. ताजं प्रेसमड गरम असतं, वास मारतं, रोपांची मुळं भाजतं. काळं, भुसभुशीत आणि वास गेलेलं झालं की मगच वापरायचं. शेवटी आमचीच काळी माती, वाळवून, ढेकळं फोडून, पाचात एक या प्रमाणात. तिच्यावर राग असण्याचं कारण नाही. पाणी आणि अन्न धरून ठेवणारी तीच आहे, फक्त एकटी नको.

२५ मे

रोहिणी लागल्या. शिवारात भाताची पेरणी सुरू. वाफे भिजवून ठेवले, माती चांगलीच खाली बसली, पुन्हा भर घातली.

८ जून

मृगाला लावणी. पूर्वेच्या वाफ्यात भेंडी, बंगळूरच्या फलोत्पादन संस्थेची अर्का अनामिका. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या हळद्या रोगाला दाद देऊ नये म्हणून ती तयार केली होती. कडेला गवार. दुसऱ्यात वांगी, मिरची, ढबूची थोडी रोपं, आणि रिकाम्या जागी पोकळा. दोडक्याला उत्तरेकडे मांडव केला, म्हणजे पुढे सूर्य दक्षिणेला कलला की त्याची सावली वाफ्यावर येणार नाही. सासूबाईंनी मेथीचा आग्रह धरला होता. मी म्हटलं, "आई, मेथी पाऊस सरल्यावर. आता टाकली तर रोपं मातीला चिकटून कुजतील." त्यांनी कोपऱ्यात अळू लावलं, आणि ते बरोबर केलं.

२० जुलै

पुष्याचा पाऊस. परसात घोट्यापर्यंत पाणी, वाटेत चिखल. वाफ्यातली माती हातानं सहा इंच उकरून पाहिली. ओली, पण मुठीत दाबली तर गोळा होऊन बोटानं टोकताच फुटते, पाणी सुटत नाही. वांग्याचं एक रोप मुद्दाम उपटलं: मुळं पांढरी, टोकापर्यंत. वाटेच्या पलीकडे तुलनेसाठी जमिनीतच लावलेल्या रोपाची मुळं तपकिरी आणि साल निसटणारी होती.

फळ्या फुगून मधली फट पूर्ण बंद झाली. एकही चीर नाही. लांब बाजूला दोरी लावून पाहिली, मधल्या खुंटाजवळ हललेलं काही दिसलं नाही. एका चिऱ्यावरून वाळवीची नळी वर निघाली होती, ती पाडली आणि फटीतला साचलेला पाला काढला. तो पालाच तिची शिडी झाला होता.

१७ ऑगस्ट

शेजारच्या काकांना आता वाफे हवेत. ते एका साइटवरून फळ्या घेऊन आले आणि आम्ही दोघं त्यांच्या ओसरीवर पाण्याचा तांब्या घेऊन बसलो. निम्म्या फळ्यांवर थेंब तसाच बसून राहिला. काका नाराज झाले, पण त्या फळ्या भाजीपासून दूर, पत्र्याखाली सामानाच्या माळ्याला वापरायच्या ठरल्या. चुलीत त्या घालू नका हेही सांगितलं, त्या धुरात कुणी बसायला नको. उरलेल्या फळ्यांत त्यांचा एक वाफा होतो. टोकं कापायला माझी करवत दिली आहे, आणि जवस तेल पावसाची उघडीप मिळाल्यावर.

आमच्याकडची कामं: पावसाळा संपला की खालच्या फळीला टोकदार चाकू आतून-बाहेरून टोचून पाहायचा. मऊ लागली तिथे खडूची खूण, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती फळी बदलायची. बदलीसाठी चार फळ्या तेल देऊन, कौलांवर आडव्या रचून ठेवल्या आहेत. माती चार बोटं बसली आहे, तिथे शेणखत भरायचं. गणपती झाले की भेंडी काढून मेथी आणि नवलकोल, आईंची मेथी पूर्वेच्या वाफ्यात.